कोहिरंट रिसीव्हरच्या काळात चर्प्ड फायबर ग्रेटिंगवर प्रकल्प घ्यावा का?

प्रश्न – तंतुवेध

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाला मार्गदर्शक सरांनी चर्प्ड फायबर ब्रॅग ग्रेटिंगने (फायबरच्या गाभ्यात अपवर्तनांकाचे आवर्ती बदल लिहून केलेला, ठरावीक तरंगलांबी परत फिरवणारा भाग; चर्प्ड म्हणजे त्या बदलांमधले अंतर लांबीवर हळूहळू बदलणारा) डिस्पर्शनची, म्हणजे तरंगलांबीनुसार वेग वेगळा असल्याने पल्स पसरण्याची, भरपाई करण्याचा विषय सुचवला आहे. ऑप्टिसिस्टम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये १० गिगाबिट प्रति सेकंदाची लिंक उभी करायची, फायबरची लांबी वाढवत न्यायची आणि ग्रेटिंग घातल्यावर आय डायग्राम (सिग्नलचे बिट एकमेकांवर ठेवून काढलेले, गुणवत्ता दाखवणारे चित्र) किती सुधारतो ते दाखवायचे, असे कामाचे स्वरूप आहे. परंतु वाचन करताना जागोजागी असे आढळते की, १०० गिगाबिट आणि त्यापुढच्या लांब पल्ल्याच्या यंत्रणांमध्ये हे काम रिसीव्हरमधला डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) करतो आणि मार्गावर ग्रेटिंग किंवा डीसीएफ (उलट डिस्पर्शन असलेले भरपाईचे फायबर) बसवण्याची गरजच उरलेली नाही. तसे असेल, तर हा विषय केवळ इतिहास म्हणून शिकायचा का? आणि प्रकल्प घ्यायचाच ठरला, तर त्यात खरोखर शिकण्यासारखे काय आहे? या क्षेत्रात काम केलेल्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर – प्रेषणमार्ग

आपण वाचलेले बरोबर आहे, पण डीएसपीला हे का जमते आणि जुन्या रिसीव्हरला का जमत नव्हते, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. ग्रेटिंगचे आजचे स्थान त्यातूनच कळते.

१५५० नॅनोमीटरला नेहमीच्या सिंगल मोड फायबरचे डिस्पर्शन सुमारे १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर प्रति किलोमीटर असते, म्हणजे ८० किलोमीटरला १३६० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. गणिताच्या भाषेत डिस्पर्शन म्हणजे सिग्नलच्या प्रत्येक वारंवारतेच्या फेजमध्ये पडणारा फरक. त्यात ऊर्जा हरवत नाही आणि माहितीही हरवत नाही. माहिती हरवते ती फोटोडायोडवर, कारण तो विद्युतक्षेत्राच्या वर्गाला प्रतिसाद देतो आणि फेज तिथेच पुसली जाते. म्हणून थेट डिटेक्शनच्या यंत्रणेत डिस्पर्शनची भरपाई फोटोडायोडच्या आधी, म्हणजे प्रकाशातच, करावी लागते. कोहिरंट रिसीव्हर स्थानिक लेसरच्या मदतीने ॲम्प्लिट्यूड आणि फेज दोन्ही मिळवतो, त्यामुळे फायबरने केलेला फेजबदल आकड्यांतच उलटा फिरवता येतो. २००८ च्या सुमारास ४० गिगाबिटच्या आणि पुढे १०० गिगाबिटच्या कोहिरंट यंत्रणा बाजारात आल्या, तेव्हापासून २००० किलोमीटरचे ३४,००० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर एका चिपवर भरून काढणे शक्य झाले.

यात आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष क्वचित जाते. कोहिरंट सिग्नलसाठी मार्गावर जागोजागी डिस्पर्शन भरून काढणे केवळ अनावश्यक नव्हे, तर हानिकारक ठरते. भरपाई न करता पल्स पसरू दिल्या, तर फायबरमधील नॉनलिनिअर (प्रकाशाच्या तीव्रतेमुळे होणारे) परिणाम वेगवेगळ्या स्पॅनमध्ये, म्हणजे दोन ॲम्प्लिफायरमधल्या टप्प्यांत, सारख्याच रीतीने साठत जात नाहीत; दर ८० किलोमीटरला पल्स पुन्हा मूळ आकारात आणली, तर ते अधिक साठतात. म्हणून नव्या लांब पल्ल्याच्या मार्गांवरून डीसीएफची रिळे आणि ग्रेटिंगचे मॉड्यूल काढून टाकले गेले, आणि तो निर्णय तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता.

मात्र, भरपाईचे काम गेले म्हणून ग्रेटिंग गेले, असे झालेले नाही. अर्बियम ॲम्प्लिफायरच्या (फायबरमध्येच प्रकाश वाढवणाऱ्या उपकरणाच्या) ९८० नॅनोमीटरच्या पंप लेसरचे उदाहरण घ्या. असा डायोड मोकळा सोडला, तर त्याची तरंगलांबी दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते. त्याच्या पिगटेलमध्ये, म्हणजे त्याला जोडलेल्या फायबरच्या तुकड्यात, काही टक्के परावर्तन करणारे एक ग्रेटिंग लिहिले, की लेसर त्या ग्रेटिंगच्या तरंगलांबीला जखडला जातो आणि सरकण्याचे प्रमाण दर अंशाला ०.०१ नॅनोमीटरच्या जवळ येते. आज जगभर चालणाऱ्या असंख्य ॲम्प्लिफायरमध्ये हे चिमुकले ग्रेटिंग निमूटपणे काम करते आहे. फायबर टू द होमच्या जाळ्यात ग्राहकाच्या टोकाला १६५० नॅनोमीटर परावर्तित करणारे ग्रेटिंग बसवतात आणि एक्स्चेंजमधील ओटीडीआर (फायबरमध्ये पल्स सोडून परत येणारा प्रकाश मोजणारे उपकरण) त्यावरून मार्ग अखंड आहे की नाही ते ओळखतो.

आणि भरपाईचे कामही सगळीकडून गेलेले नाही. थेट डिटेक्शनवर चालणाऱ्या १० गिगाबिटच्या डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबींचे चॅनेल नेणाऱ्या) लिंक आजही वापरात आहेत. जिथे विलंब कमीत कमी हवा असतो, तिथे ग्रेटिंगचा फायदा उघड दिसतो: ८० किलोमीटरच्या भरपाईसाठी चौदा-पंधरा किलोमीटर डीसीएफ लागतो आणि त्यात प्रकाशाचे सुमारे ७० मायक्रोसेकंद जातात, ग्रेटिंगमध्ये तेच काम काही नॅनोसेकंदांत होते. शिवाय डीसीएफमध्ये सात-आठ डेसिबल खर्ची पडतात, ते निराळेच.

उत्तर – अतिनील

मी प्रयोगशाळेत ग्रेटिंग लिहिण्याचे काम करतो. प्रेषणमार्ग यांनी यंत्रणेची बाजू नेमकी मांडली आहे. मी उपकरणाबद्दल लिहितो, कारण आपल्या प्रकल्पात शिकण्यासारखे जे आहे ते बहुतांशी तिथे आहे.

१९७८ मध्ये कॅनडात ओटावाच्या कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जर्मेनियमयुक्त फायबरमध्ये आर्गन लेसरचा प्रकाश सोडताना असे दिसले की, परत येणारा प्रकाश हळूहळू वाढत जातो. पुढे जाणारा आणि टोकावरून परतणारा प्रकाश मिळून उभी लाट तयार होत होती आणि तिच्या आकृतीप्रमाणे गाभ्याचा अपवर्तनांक कायमचा बदलत होता. परंतु असे ग्रेटिंग लेसरच्याच तरंगलांबीला चालत असे. १९८९ मध्ये अमेरिकेत मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी २४४ नॅनोमीटरचे अतिनील किरण बाजूने टाकून ग्रेटिंग लिहिले, तेव्हा ते दूरसंचाराच्या तरंगलांबीला करता येऊ लागले. १९९३ मध्ये फेज मास्कची (रेघा कोरलेल्या काचेतून अतिनील किरण टाकण्याची) पद्धत आली आणि त्याच वर्षी बेल लॅब्जमध्ये लमेर यांनी दाखवले की, दाबाखाली हायड्रोजन भरलेल्या फायबरची संवेदनशीलता कितीतरी वाढते. ग्रेटिंग प्रयोगशाळेतून कारखान्यात जाण्याचे बरेचसे श्रेय या दोन गोष्टींना आहे.

आता आपल्या विषयाचे आकडे पाहू. ब्रॅग तरंगलांबी म्हणजे परिणामी अपवर्तनांक आणि ग्रेटिंगचा आवर्त यांच्या गुणाकाराची दुप्पट. अपवर्तनांक १.४४७ धरला, तर १५५० नॅनोमीटरसाठी आवर्त सुमारे ५३५.६ नॅनोमीटर येतो आणि फेज मास्कवरच्या रेघांचा आवर्त त्याच्या दुप्पट, म्हणजे १०७१ नॅनोमीटर असावा लागतो. १० सेंटिमीटर लांबीच्या ग्रेटिंगमध्ये प्रकाशाला जाऊन परत यायला सुमारे ९६५ पिकोसेकंद लागतात. त्यातून १३६० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर एवढी भरपाई हवी असेल, तर बँडविड्थ ०.७ नॅनोमीटरच मिळते. म्हणजे या १० सेंटिमीटरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवर्त केवळ पाव नॅनोमीटरने बदलायचा आहे! लिहिताना याहून थोडी जरी चूक झाली, तरी ती विलंबाच्या आलेखावर लगेच उमटते. ही बाब मला आजही थक्क करते.

दिशेकडेही लक्ष द्या. १५५० नॅनोमीटरला फायबरमध्ये कमी तरंगलांबीचा भाग पुढे निघून जातो. त्याला ग्रेटिंगमध्ये अधिक आत जाऊन परतायला लावायचे, म्हणून मोठ्या आवर्ताचे टोक सर्क्युलेटरकडे (परतलेला प्रकाश वेगळ्या वाटेने काढणाऱ्या उपकरणाकडे) ठेवायचे. ग्रेटिंग उलटे जोडले, तर डिस्पर्शन कमी होण्याऐवजी तेवढेच वाढते. सिम्युलेशनमध्ये हा फरक मुद्दाम करून पाहावा.

खरी अडचण आहे ग्रुप डिलेवरच्या, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला होणाऱ्या विलंबावरच्या, रिपलची. ग्रेटिंग जिथे अचानक सुरू होते, तिथे थोडे परावर्तन होते. ते आणि आतून येणारे परावर्तन यांचा मेळ बसून विलंबाच्या सरळ रेषेवर लहरी उठतात. त्या घालवण्यासाठी अपोडायझेशन करतात, म्हणजे अपवर्तनांकाच्या बदलाची खोली दोन्ही टोकांकडे हळूहळू शून्यावर आणतात. पण एवढे पुरत नाही. खोली कमी करताना अपवर्तनांकाची सरासरीही उतरत गेली, तर ब्रॅग तरंगलांबी टोकांना सरकते आणि स्पेक्ट्रममध्ये कमी तरंगलांबीच्या बाजूला नको असलेली शिखरे उगवतात. म्हणून सरासरी सपाट ठेवून केवळ खोली बदलावी लागते, आणि अपोडायझेशन नीट करणे म्हणतात ते हेच. फेज मास्कवरील किंवा तो सरकवणाऱ्या स्टेजमधील चुकांमुळे येणारा रिपल मात्र अपोडायझेशनने जात नाही.

तापमानाचाही विचार करावा लागतो. साध्या ग्रेटिंगची तरंगलांबी दर अंशाला सुमारे १० पिकोमीटर सरकते. ४० अंशांचा फरक पडला, तर ०.४ नॅनोमीटर, म्हणजे १०० गिगाहर्ट्झ ग्रिडवरच्या एका चॅनेलची अर्धी जागा. म्हणून व्यवहारात ते अशा आवरणात ताणून बसवतात, की तापमान वाढले तरी ताण कमी होऊन सरकणे रद्द व्हावे.

प्रकल्पाबद्दल माझा स्पष्ट सल्ला असा की, ऑप्टिसिस्टमच्या तयार ठोकळ्यात आकडे भरून आय डायग्रामची चित्रे जोडू नयेत. त्या ठोकळ्यातले ग्रेटिंग आदर्श असते आणि आदर्श ग्रेटिंग भरपाई करते, हे १९८७ पासून ठाऊक आहे. त्याऐवजी ग्रेटिंगचे शेकडो लहान तुकडे करून ट्रान्सफर मॅट्रिक्सच्या पद्धतीने त्याचे परावर्तन आणि फेज पायथनमध्ये स्वतः काढा. फेजच्या उतारावरून विलंब काढा. अपोडायझेशन बदलून रिपल किती घटतो ते पाहा. आणि तो प्रतिसाद १० गिगाबिटच्या सिग्नलवर लावून आय किती मिटतो ते मोजा. रिपलची उंची तीच ठेवून त्याची आवर्तने जवळ किंवा दूर केली, तर सिग्नलवरचा परिणाम वेगळा होतो. तो का होतो, याचे उत्तर आपल्या गटाने शोधले, तर प्रकल्पाचे चीज झाले असे मी म्हणेन.

तंतुवेध

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आमच्या गटाने स्वतः ट्रान्सफर मॅट्रिक्स लिहायचे ठरवले असून सरांनीही त्याला संमती दिली आहे. एक शंका उरते. ग्रेटिंगने थेट प्रकाशातच सिग्नल प्रोसेसिंग करण्याविषयी, म्हणजे डिफरन्शिएटर, इंटिग्रेटर वगैरेंविषयी, पुष्कळ शोधनिबंध दिसतात. ते कितपत खरे उतरले आहे?

उत्तर – अतिनील

त्यामागचे तत्त्व भक्कम आहे आणि आपल्याच कोडमध्ये ते तपासता येईल. ग्रेटिंग पुरेसे दुबळे असेल, म्हणजे एकूण परावर्तन थोडकेच असेल, तर त्याचा इम्पल्स रिस्पॉन्स (अतिशय छोट्या पल्सला मिळणारा प्रतिसाद) हा अपोडायझेशनचाच आकार असतो. फक्त लांबीच्या जागी वेळ येते, १ सेंटिमीटरला सुमारे ९७ पिकोसेकंद. सर्वत्र सारखे असलेले दुबळे ग्रेटिंग आयताकृती रिस्पॉन्स देते, म्हणून तेवढ्या वेळेपुरते ते इंटिग्रेटरसारखे वागते. मधोमध फेजमध्ये पायची उडी घातली, तर ब्रॅग तरंगलांबीपाशी परावर्तन शून्यातून जाते आणि तिथे ते पहिल्या डेरिव्हेटिव्हचे काम करते. लांबीवर ठरावीक ठिकाणी अशा फेजच्या उड्या पेरून साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी ऑप्टिकल सीडीएमएचे (कोडच्या आधारे एकच फायबर अनेकांत वाटण्याच्या पद्धतीचे) कोड थेट ग्रेटिंगमध्ये लिहिले होते. डिफरन्शिएटर आणि इंटिग्रेटरच्या अंगाने मॉन्ट्रियलच्या होसे अझान्या यांच्या गटाने बरेच काम केले आहे.

दूरसंचाराच्या रोजच्या यंत्रणेत मात्र ही उपकरणे फारशी शिरलेली नाहीत, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. एकदा लिहिलेले ग्रेटिंग एकच गणित करते, त्याला नवा प्रोग्राम देता येत नाही, आणि दुबळे ग्रेटिंग वापरले की बहुतेक प्रकाश वाया जातो. मायक्रोवेव्ह फोटॉनिक्समध्ये (रेडिओ सिग्नलवरची क्रिया प्रकाशात करण्याच्या शाखेत), जिथे एकच ठरलेली क्रिया काही दहा गिगाहर्ट्झच्या वेगाने आणि वीज न खाता हवी असते, तिथे मला त्यांचे भवितव्य अधिक दिसते.

उत्तर – प्रेषणमार्ग

अतिनील यांच्या माहितीला एक जोड. लाँग पीरिअड ग्रेटिंगकडे दुर्लक्ष करू नये. त्यांचा आवर्त शेकडो मायक्रोमीटरचा असतो आणि ती प्रकाश मागे न फिरवता गाभ्यातून त्याभोवतीच्या क्लॅडिंगमध्ये सोडतात, त्यामुळे सर्क्युलेटर किंवा आयसोलेटरची गरज पडत नाही. बेल लॅब्जमध्ये आशिष वेंगसरकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये बँड रिजेक्शन फिल्टर म्हणून त्यांचे काम प्रसिद्ध केले आणि अर्बियम ॲम्प्लिफायरचा गेन सपाट करण्यासाठी ती वापरात आली. कपल्ड मोडची (दोन लाटांमधली ऊर्जेची देवाणघेवाण सांगणारी) समीकरणे जवळपास तीच आहेत. फक्त मागे जाणाऱ्या लाटेच्या जागी त्याच दिशेने जाणारा क्लॅडिंग मोड येतो. ब्रॅग ग्रेटिंगचा कोड चालू लागल्यावर तो बदल करायला आपल्याला फार वेळ लागणार नाही.