ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट, युनिकास्ट: मराठीत काय म्हणावं?

भाषांतरकार:
डिजिटल व्हिडिओच्या तंत्रज्ञांसाठी असलेली एक पुस्तिका मराठीत आणतेय. 'सॅटेलाइट ब्रॉडकास्ट'ला सरळ 'उपग्रह प्रक्षेपण' लिहिलं. तपासणाऱ्यांनी समासात शेरा मारला, 'इथे रॉकेटचा काय संबंध?' बरोबरच आहे त्यांचं. उपग्रह अवकाशात सोडणं हेही प्रक्षेपण आणि उपग्रहावरून कार्यक्रम येणं हेही प्रक्षेपण. त्यात पुढच्याच परिच्छेदात ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवणं), मल्टिकास्ट (ठरावीक गटाला), युनिकास्ट (एकालाच) एका ओळीत आलेत. एका साच्यातले तीन शब्द हवेत. सुचवा.

प्रमाणभाषक:
'प्रसारण' घ्या, प्रश्न मिटला. सर्वप्रसारण, बहुप्रसारण, एकप्रसारण.

हेडएंडवाला:
नाही मिटत. मी हेडएंडवर, म्हणजे वाहिन्या एकत्र करून पुढे पाठवणाऱ्या केंद्रात, काम करतो. 'बहुप्रसारण' म्हणजे पुष्कळ प्रसारणं वाटतात. मल्टिकास्टमध्ये पाठवणारा एकच प्रत सोडतो, आणि वाट जिथे फुटते तिथला राउटर गटात सामील झालेल्यांसाठी तिच्या प्रती काढतो. युनिकास्टला १०० जण बघत असतील तर १०० प्रती मुळातूनच निघतात. 'गट' हा शब्द आलाच पाहिजे. आणि एकालाच पाठवायचं तर तो प्रसार कसला?

बोलीप्रेमी:
इंग्रजीत ब्रॉडकास्ट हा आधी शेतीतला शब्द होता, मुठीने बी विखरून टाकणं. त्याला मराठीत 'फोकणे' आहेच. एकेक बी जमिनीत खोचतात ते 'टोकणे'. ब्रॉडकास्ट फोकण, युनिकास्ट टोकण. मल्टिकास्टला तिफण घ्या: चाड्यावर (बी सोडायच्या वाडग्यावर) मूठ एकच, बी मात्र नळ्यांतून वेगवेगळ्या तासांत पडतं. वडिलांच्या मागे तिफणीवर चाललोय, चाड्यातलं बी नळ्यांत वाटलं जाताना बघितलंय, म्हणून सांगतो.

हेडएंडवाला:
चाड्याचं उदाहरण उद्यापासून शिकवताना वापरणार. पण 'युनिकास्ट ॲड्रेस'ऐवजी 'टोकण पत्ता' लिहिलेलं वाचून नव्या मुलाला काय कळेल? तो 'युनिकास्ट'च शोधणार.

संस्कृतोत्सुक:
मुळात प्रक्षेपण सोडायचं कशाला? 'क्षिप्' म्हणजे फेकणे, 'कास्ट' म्हणजेही फेकणे. ग्रंथात मागाहून कुणी घुसडलेल्या ओव्यांना 'प्रक्षिप्त' म्हणतात तेही यातूनच. रॉकेटला 'उड्डाण' म्हणा.

भाषांतरकार:
अवकाशवाल्यांचा रुळलेला शब्द मी काढून घेणारी कोण? बरं, आणखी एक अडलंय. पॅकेट म्हणजे डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा; त्यातल्या 'नल पॅकेट'ला 'शून्य पॅकेट' लिहिलंय. चालेल?

हेडएंडवाला:
शून्य अजिबात नको. एमपेग-२च्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये, म्हणजे टीव्हीचा डेटा वाहून नेणाऱ्या प्रवाहात, प्रत्येक पॅकेट १८८ बाइटचं. पहिला बाइट कायम तोच, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात) ४७. त्यावरून रिसीव्हर ओळखतो की इथून नवं पॅकेट लागलं. अनेक वाहिन्यांचा एकत्र प्रवाह ठरलेल्या वेगानेच हवेत जायला हवा. पडद्यावर कुणी नुसतं बसून बोलत असेल तर पाठवायला डेटा कमी पडतो, मग उरलेली जागा ८१९१ या पीआयडीच्या (पॅकेटावरच्या ओळखक्रमांकाच्या) नल पॅकेटांनी भरतात. रिसीव्हर ती उचलतो आणि टाकून देतो. पण आहेत ती पुरती १८८ बाइटचीच. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ॲनलायझरवर (प्रवाह तपासणाऱ्या यंत्रावर) ८१९१च्या नावापुढची पट्टी सगळ्यांत लांब दिसली. लिंक बिघडली समजून धावत सांगायला गेलो, तर वरिष्ठ म्हणाले, 'ती भरती आहे.' तेव्हापासून माझ्या तोंडी 'भरतीची पॅकेटं'.

संस्कृतोत्सुक:
मग ती 'पादपूरक'! श्लोकाच्या चरणात अक्षरं कमी पडली की च, वै, तु, हि घालतात. अर्थ लावताना सोडून देतात, पण काढले तर वृत्त मोडतं. इतकी नेमकी जोडी क्वचित सापडते.

प्रमाणभाषक:
जोडी सुंदर आहे. पण वापरात 'पाद' गळून 'पूरक पॅकेट' उरेल आणि वाचणाऱ्याला वाटेल, काहीतरी उपयोगाचं जोडीला दिलंय. 'भरती' म्हटलं की नोकरभरती.

बोलीप्रेमी:
संदर्भ असतो की! 'चार ओळी भरतीच्या घातल्या' म्हणताना कुणाला नोकरी आठवते?

प्रमाणभाषक:
मान्य. पण 'पॅकेटं' तरी लिहू नका. पुस्तिकेची भाषा लेखी, तिथे 'पॅकेटे'च हवं.

बोलीप्रेमी:
'पॅकेटे' मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

प्रमाणभाषक:
'पुस्तके' तरी कोण बोलतं? लिहितो ना आपण.

भाषांतरकार:
अरे देवा, माझ्या मसुद्यात दोन्ही रूपं आहेत. आता बाइटचंही सांगा, तो की ती?

हेडएंडवाला:
आम्ही 'तो' म्हणतो. पण बातमीदार घेतात तोही 'बाइट'च, आणि तुमच्या पुस्तिकेत स्टुडिओचं प्रकरण असेल तर दोन्ही येणार. त्याला वेगळा शब्द आहे का कुणाकडे?