टॅली सर्व्हर रॅन्समवेअरपासून (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) कसा वाचवायचा?

प्रश्न: ऑफिसात १२ पीसी, एक टॅली सर्व्हर. घरून कामासाठी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (दुरून पीसी चालवण्याचा) ३३८९ पोर्ट उघडलाय. अँटिव्हायरस पुरेसा आहे का?

नेटवर्कवाला: नाही. पोर्ट आजच बंद करा. नुसता नंबर बदलून भागत नाही, उघडे पोर्ट हुडकणारे हॅकर्सचे स्कॅनर प्रोग्राम तो शोधतातच. आधी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खाजगी मार्ग), त्यावर ओटीपी अ‍ॅप, मगच रिमोट डेस्कटॉप. रोजच्या लॉगिनला अ‍ॅडमिन हक्क नकोत.

जुनी डिस्क: आणि बॅकअप? कायम जोडलेली यूएसबी डिस्क सर्व्हरसोबतच एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते. दोन डिस्क आलटूनपालटून वापरा, एक कपाटात. महिन्यातून एकदा दुसऱ्या पीसीवर बॅकअप रिस्टोर करून टॅलीत कंपनीचा डेटा उघडतो का, ते बघा. हे कुणीच करत नाही!

लॉगबुक: लागण झालीच तर नेटवर्क केबल काढा, पीसी बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे.