मदत हवी आहे: ॲनिमेशनपटांच्या क्रमवारीत गुणांचा घोळ

कोथरूडमधले आम्ही बाराजण पहिले दहा ॲनिमेशनपट ठरवतोय. पहिल्याला 10 गुण, दहाव्याला 1. गोची अशी: ‘टॉय स्टोरी’ (1995) सगळ्यांनी पाहिलाय, ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (1988) चौघांनीच. चौघांनी पहिला नंबर दिला तरी 40. ‘टॉय स्टोरी’ सगळ्यांच्या यादीत सातवा असला तरी 48! सरासरी काढली तर एकट्यानेच पाहिलेला सिनेमा डोक्यावर बसतो. किमान किती जणांनी पाहिलेला धरावा? जोड्या लावून तुलना केली तर दहा सिनेमांच्या 45 जोड्या, तेवढा दम कोणात नाही.

शिवाय ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’ (2018) ‘अडखळतो’ म्हणून दोघं गुण कापतायत. त्यातला नायक माइल्स नवखा आहे तोवर त्याला मुद्दाम सेकंदाला नेहमीच्या 24 ऐवजी 12 चित्रांवर हलवलंय, हे त्यांना कुठला प्रसंग दाखवून पटवू?