‘खरेदी दर’ म्हणजे कुणाची खरेदी? (विनिमय दर, हुंडणावळ, वटणावळ; बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी कोल्हापुरातल्या त्यांच्या भागांची नावं)

राजारामपुरी: बँकेच्या दरपत्रकात डॉलरपुढं ‘टीटी खरेदी’ आणि ‘टीटी विक्री’ (टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, बँकेतून बँकेत थेट पाठवलेले पैसे) असे दोन आकडे असतात. कुणाची खरेदी, कुणाची विक्री? आणि ‘विनिमय दर’ म्हणजेच जुन्या कागदांतली ‘हुंडणावळ’ का?

शिरोली एमआयडीसी: दोन्ही शब्द बँकेच्या बाजूनं वाचायचे. परदेशी विकलेल्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) डॉलर बाहेरून आले की बँक ते आपल्याकडून विकत घेते. तिथं खरेदी दर लागतो, तो कमी. मशीनचे पैसे परदेशी धाडायचे तर बँक डॉलर विकते. तिथं विक्री दर, तो जास्त. समजा दर 84.60 आणि 85.40 आहेत. बातमीत 85 ऐकून 20,000 डॉलरच्या बिलाचे 17,00,000 धरले, तर खात्यात 16,92,000 पडतात, आणि बँकेचं शुल्क त्यातून आणखी जातं. बातमीतला आकडा बँका-बँकांमधल्या मोठ्या व्यवहारांचा, गिऱ्हाइकाचा नव्हे. कोटेशन देताना कायम टीटी खरेदी दरच धरा. रोख नोटांचा दर याहून वाईट मिळतो, कारण नोटा आणणं, सांभाळणं, परत पाठवणं यात खर्च असतो. येनपुढचा आकडा बहुधा 100 येनचा असतो, तेवढं बघून घ्या.

गुजरी: हुंडणावळ म्हणजे मुळात हुंडीनं (पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीनं) दुसऱ्या गावी पैसे पाठवायचा आकार, पुढं परकीय चलनाच्या दरालाही तोच शब्द लावला गेला. वटणावळ निराळी: नाणं किंवा नोट बदलून देताना कापून घेतात ती रक्कम. वरच्या 84.60 आणि 85.40 मधल्या फरकाला मला हाच शब्द नेमका वाटतो. तो पुन्हा वापरात यावा.

ताराबाई पार्क: ‘अवमूल्यन’ही जपून वापरा. 6 जून 1966 ला सरकारनं डॉलर 4.76 वरून 7.50 रुपये ठरवला, ते अवमूल्यन. 1993 पासून दर बाजारात ठरतो, रिझर्व्ह बँक गरजेनुसार डॉलर विकते किंवा घेते. तिथं ‘घसरण’ म्हणावं. टक्केवारीतही गफलत होते. 1966 मध्ये रुपयाची किंमत 36.5 टक्के उतरली, पण डॉलर 57.5 टक्के महागला. दोन्ही आकडे बरोबर, पाया वेगळा.

राजारामपुरी: मग कराराच्या मराठी मसुद्यात काय लिहू?

शिरोली एमआयडीसी: ‘रक्कम जमा होण्याच्या दिवशीचा बँकेचा टीटी खरेदी दर’. नुसतं ‘चालू विनिमय दर’ लिहिलं की दिवस कुठला आणि दर कुठला, यावरच वाद पेटतो.