विषय: ओहायोत हरणासाठी एआरचं दुसरं कॅलिबर कोणतं घ्यावं?

प्रेषक: डेटनकर
सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या जेवणात हा विषय निघाला होता. तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे विचारतो.

हंटर एज्युकेशनचा कोर्स गेल्या वर्षी झाला. या वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या डिअर गन आठवड्यात पहिल्यांदाच बाहेर पडणार आहे. ऑफिसातल्या एका मित्राच्या वडिलांची मका-सोयाबीनची शेती आहे, त्यांची लेखी परवानगी मिळाली आहे. शेताच्या एका कडेला ओढा आणि झाडी. मचाणापासून झाडीचा कोपरा साधारण १२० यार्ड, आणि पलीकडचं टोक अडीचशेच्या आसपास.

माझ्याकडे .२२३ ची एआर-१५ ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे. आजवर ती फक्त रेंजवर चालवली. लोअर, म्हणजे चाप आणि मॅगझिनचा खालचा भाग, तोच ठेवून वर दुसऱ्या कॅलिबरचं (दुसऱ्या जाडीच्या गोळीचं) अप्पर, म्हणजे नळीचा वरचा भाग, चढवायचा विचार आहे. पुष्कळ वाचून तीन नावं काढली: ६.५ ग्रेंडेल, .३०० ब्लॅकआउट आणि ६ एमएम एआरसी. मन ग्रेंडेलवर बसलंय, कारण लांबवर त्याची गोळी चांगली टिकते असं सगळेच म्हणतात. शनिवारी ऑर्डर देणार आहे. कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

---

प्रेषक: कोलंबसचे काका
मंगळवार, सकाळी ६.१५

डेटनकर,

ऑर्डर देऊ नकोस. आधी हे वाच.

ओहायोत हरणावर ग्रेंडेल चालत नाही. ब्लॅकआउट नाही, एआरसी नाही, आणि तुझी आत्ताची .२२३ सुद्धा नाही. इथे हरणाला रायफल चालते ती फक्त सरळ भिंतीच्या काडतुसाची, ज्याला दुकानात ‘स्ट्रेट-वॉल’ म्हणतात, आणि कॅलिबर .३५७ ते .५० इंचांच्या मधलं. तुझ्या तिन्ही काडतुसांची केस, म्हणजे दारू भरलेलं नळकांडं, मानेशी बाटलीसारखी आवळलेली आहे, म्हणून तिन्ही बाद. ही रायफलची मुभासुद्धा २०१४ च्या हंगामापासूनची. त्याआधी आम्ही शॉटगनमधून स्लग (छऱ्यांऐवजी एकच जड गोळी) मारायचो, नाहीतर ठासणीची बंदूक घ्यायचो.

कॅलिबर निवडताना लोक वेगाचे आणि ताकदीचे तक्ते आधी उघडतात. माझं म्हणणं असं की राज्याचं शिकारीचं पुस्तक आधी उघडावं, मग आपलं शेत बघावं, आणि तक्ता सगळ्यात शेवटी. नदी ओलांडून केंटकीत गेलास तर हीच ग्रेंडेल हरणाला चालते, वेस्ट व्हर्जिनियातही चालते. पेनसिल्व्हेनियात मात्र हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफलच चालत नाही, मग काडतूस कोणतंही असो. एकच रायफल, पण राज्याची सीमा ओलांडली की उत्तर बदलतं.

आता या सगळ्या पर्यायी कॅलिबरांचं मूळ कुठे आहे ते समजून घे, म्हणजे पुढे कधी गोंधळ होणार नाही. एआरच्या मॅगझिनमध्ये सुमारे २.२६ इंचांपेक्षा लांब काडतूस मावत नाही. ही चौकट .२२३ ची, म्हणजे ५५ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) हलक्या, वेगवान गोळीची. त्याच लांबीत जास्त वजनाची गोळी कशी बसवायची, यावर जो तो आपापलं उत्तर शोधत आला. बिल अलेक्झांडर यांनी २००३ साली ग्रेंडेल आणली तेव्हा आखूड पण जाड केस घेतली. रशियन ७.६२ बाय ३९ च्या घराण्यातली ती केस. जाड म्हणून तिचा तळही रुंद, .४४१ इंच, .२२३ चा .३७८. त्यामुळे बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद धरणारा भाग, बदलावा लागतो आणि मॅगझिनही वेगळं लागतं. १२३ ग्रेनची गोळी सेकंदाला २५८० फुटांच्या आसपास निघते आणि तीनशे यार्डांवरही हजार फूट-पाउंडांहून जास्त ताकद राखते. काडतूस उत्तमच आहे, आपल्या राज्यात हरणावर चालत नाही इतकंच. एआरसी म्हणजे याच ग्रेंडेलची मान आणखी आवळून हॉर्नडीने २०२० मध्ये काढलेलं काडतूस.

ब्लॅकआउटबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुझ्या घरात .२२३ आहे. ब्लॅकआउटची केस .२२३ च्याच कुळातली, आखूड केलेली आणि वर .३० ची गोळी बसवलेली. बोल्ट तोच, मॅगझिनही तेच. लोकांना तीच सोय वाटते. पण काही गोळ्यांची ब्लॅकआउट काडतुसं .२२३ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत) पूर्ण आत जातात आणि बोल्टही बंद होतो. मग .३०८ इंचांची गोळी .२२४ च्या नळीत घुसायला बघते, आणि दाब मागे येतो. पाच-सहा वर्षांपूर्वी रेंजवर माझ्यापासून तिसऱ्या टेबलावर हे झालं. अप्पर उभं चिरलं होतं आणि मॅगझिन खालून फुटून टेबलाखाली पडलं होतं. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा होता म्हणून डोळे वाचले, हाताला टाके पडले. दोन्ही कॅलिबरांची मॅगझिनं एकाच पिशवीत, एकाच रंगाची होती. ज्या घरात .२२३ आहे तिथे ब्लॅकआउट आणूच नये, आणि आणलीच तर मॅगझिनं वेगळ्या रंगाची, वेगळ्या डब्यात, आणि एका दिवशी एकच रायफल बाहेर. मी माझ्या मुलालाही हेच सांगितलं.

तुझ्यासमोर खरे पर्याय दोन: .३५० लेजंड (नावात .३५० असलं तरी गोळी .३५७ इंचांची, म्हणून नियमात बसते) आणि .४५० बुशमास्टर. संध्याकाळी लिहितो, आता कामावर निघायचं आहे.

---

प्रेषक: सिनसिनाटीची ताई
मंगळवार, दुपारी १२.५०

काका, संध्याकाळपर्यंत थांबत नाही, कारण ही दोन्ही काडतुसं मी चालवली आहेत.

डेटनकर, बुशमास्टरची २५० ग्रेनची गोळी सेकंदाला २२०० फुटांनी निघते, ताकद २६०० फूट-पाउंडांच्या वर. हरीण जागेवर बसतं. पण खांद्याला धक्का जबरदस्त. तो कमी करायला बहुतेक रायफलींना तोंडावर ब्रेक असतो, आणि त्याने आवाज इतका वाढतो की मचाणातही कानावर संरक्षण लागतंच. मी पाच फूट एक इंच. पहिल्या हंगामात नवऱ्याची बुशमास्टर घेतली आणि चौथ्या-पाचव्या बारापासून चाप दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागले. रेंजवर पाचपैकी दोन गोळ्या ताटलीबाहेर. धक्क्याची भीती एकदा अंगात बसली की नेम जातो, आणि तो परत आणायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

लेजंड २०१९ मध्ये विंचेस्टरने आणली, आपल्यासारख्या स्ट्रेट-वॉल राज्यांसाठीच. १५० ग्रेनची गोळी, २३२५ फूट, १८०० फूट-पाउंड. धक्का बुशमास्टरच्या मानाने फारच कमी. शंभर यार्डांवर माझ्या पाचही गोळ्या आता चहाच्या बशीत बसतात. दोन हंगामांत दोन हरणं, दोन्ही नव्वद यार्डांच्या आत, दोन्ही एकेका गोळीत. धाकटी लेकही तीच रायफल घेऊन शिकते आहे.

सामानाचंही सोपं आहे. लेजंडच्या केसचा तळ .२२३ एवढाच, म्हणून बोल्ट तोच चालतो. मॅगझिन मात्र लेजंडचंच घ्यायचं. .२२३ च्या मॅगझिनमध्ये ही काडतुसं बसल्यासारखी वाटतात आणि मग अडकतात. बुशमास्टरला बोल्टही मोठ्या तोंडाचा लागतो. कारखान्यात जोडलेलं पूर्ण अप्पर बोल्टसकट घेतलं तर ही जुळवाजुळव आपल्याकडे राहत नाही. तरीही पहिल्या बाराआधी गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा, तपासून घ्या.

---

प्रेषक: डब्लिनची आई
मंगळवार, दुपारी ३.०५

नमस्कार. मी कधी इथे लिहीत नाही. आपल्या यादीवर दिवाळी पहाटेचं आणि शाळेचं बोलणं चालतं, तिथे बंदुकांचं वाचून मन अस्वस्थ झालं. आपली मुलं एकमेकांच्या घरी राहायला जातात. शिकार करावी की नाही यावर माझं म्हणणं नाही. पण ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी ती कशी ठेवली आहे, हे विचारायचा हक्क आम्हाला आहे की नाही?

---

प्रेषक: कोलंबसचे काका
मंगळवार, संध्याकाळी ७.३०

वहिनी, हक्क आहे, आणि तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. मुलाला कुठेही राहायला पाठवण्याआधी हे सरळ विचारावं, कोणी राग मानू नये. माझ्या घरी रायफली लोखंडी कपाटात कुलपात, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, किल्ल्या फक्त माझ्या आणि हिच्याकडे. नातवंडं येतात तेव्हा किल्लीची जागाही बदलतो. ज्यांच्याकडे बंदूक आहे त्या प्रत्येकाने इथे हेच लिहावं अशी माझी विनंती आहे.

डेटनकर, ताईने लिहिलं त्यातलं अक्षर न् अक्षर मला पटतं. माझ्याकडून अंतराबद्दल दोन गोष्टी.

तुझ्या शेताचं पलीकडचं टोक अडीचशे यार्ड आहे म्हणालास. ते टोक विसरून जा. लेजंडची ताकद दोनशे यार्डांवर निम्म्यावर येते, आणि शंभरला नेम धरून बसवलेली रायफल दोनशेला सात-आठ इंच खाली मारते. बुशमास्टर जास्त ताकद राखते, पण तिची जड गोळीही खाली पडतेच. झाडीचा कोपरा १२० यार्डांवर आहे ना, तुझं शेत तिथपर्यंतच.

हे मी शिकलो ते वाईट पद्धतीने. २००९ चा हंगाम, हातात स्लगची शॉटगन. एक मादी दीडशेच्या पुढे उभी होती. अंधार पडायला आला होता, आठवडा संपत आला होता, आणि मी बार टाकला. गोळी खाली लागली, मागच्या मांडीत. रात्री अकरापर्यंत विजेरी घेऊन रक्ताच्या थेंबांमागे फिरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो. ती सापडली नाही. त्यानंतर दोन हंगाम मी गेलो नाही. आजही नव्या माणसाने मला कॅलिबर विचारलं की मी आधी त्याला अंतर विचारतो.

आजोबांकडे सावंतवाडीजवळ शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधीचे दिवस. भातात रानडुकरं शिरायची. एक बार निघाला की पुन्हा दारू ठासायला वेळ लागायचा, तोवर जखमी डुक्कर अंगावर यायचं. म्हणून ते डुक्कर अगदी जवळ येईपर्यंत श्वास धरून बसत, आणि कितीतरी रात्री बार न टाकता परत येत. आजी दारात कंदील घेऊन असायची. ‘आज नाय’ एवढंच म्हणून ते बंदूक खुंटीला लावायचे.

ओहायोत हरणासाठी चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसं भरता येतात, हेही ध्यानात ठेव. मॅगझिन पाचचं असलं तरी भरायची तीनच. सेमी-ऑटोमॅटिक आहे म्हणून लागोपाठ बार टाकायची सवय रेंजवरही लावून घेऊ नकोस. मी तर एका वेळी एकच काडतूस भरून सराव करतो.

---

प्रेषक: मेसनचा नवा सदस्य
मंगळवार, रात्री ९.२०

काका, मी एच-१बी वर आहे. मलाही शिकायचं आहे. डेटनकरांच्या जुन्या लोअरसारखा एखादा सुटा लोअर आधी विकत घेऊन ठेवला तर चालेल का? तो तर नुसता सांगाडा आहे.

---

प्रेषक: कोलंबसचे काका
मंगळवार, रात्री ९.४५

नाही. अजिबात नाही. कायद्याच्या नजरेत तो सांगाडा म्हणजेच बंदूक. नंबर त्याच्यावर असतो. दुकानातून घेताना केंद्राचा बंदूक-खरेदीचा फॉर्म ४४७३ आणि पार्श्वभूमीची तपासणी त्याचीच होते. नळी आणि बोल्ट हे सुटे भाग.

तुझ्यासारख्या बिगर-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवायला बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना असणं. पण तो परवाना हातात येईपर्यंत कशालाही हात लावू नकोस, मित्राच्या रायफलीलाही नाही, आणि आल्यावरही इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय काही विकत घेऊ नकोस. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. कोर्सला मात्र आजच नाव घाल. त्यात बंदूक बाळगावी लागत नाही, आणि शिकायला मिळतं ते आयुष्यभर उपयोगी पडतं. घर लागलं की माझ्याकडे जेवायला ये, बोलू.

---

प्रेषक: डेटनकर
शनिवार, संध्याकाळी ६.१०

काका, ताई, मनापासून आभार.

लेजंडचं पूर्ण अप्पर घेतलं, नळी १६ इंचांची. पाच काडतुसांची दोन मॅगझिनं घेतली आणि दोन्हींवर केशरी पट्टी लावली. .२२३ ची सगळी मॅगझिनं वेगळ्या डब्यात, वरच्या कपाटात. गनस्मिथने हेडस्पेस तपासला. एकाच प्रकारच्या १५० ग्रेनच्या काडतुसांच्या सहा पेट्या घेतल्या, म्हणजे सराव आणि शिकार एकाच गोळीवर.

सकाळी रेंजवर होतो. टेबलावर टेकून शंभरला पाचही गोळ्या बशीत. मग मचाणात बसतो तसं गुडघ्यावर कोपर ठेवून मारलं, तर दोन बाहेर. तेव्हा अजून चार शनिवार तेच. काकांनी सांगितलं तसं एकेक काडतूस भरूनच.

काल संध्याकाळी शेतावर जाऊन अंतर यंत्राने मोजलं. झाडीचा कोपरा १२० वाटला होता, तो १३४ निघाला. मित्राच्या वडिलांना विचारून मचाण पंचवीस यार्ड पुढे, जुन्या अक्रोडावर बांधणार आहे. तिथून कोपरा १०९.

डब्लिनच्या वहिनी, आमच्याकडे लोखंडी कपाट आहे, काडतुसं तळघरात वेगळ्या कुलपात. तुम्ही कधीही येऊन बघा.