कुठलं शिरगाव?

प्राजक्ता (सी-५०१): नमस्कार मंडळी. कुणाकडे चुकून माझं पार्सल आलंय का? कुरिअरवाले म्हणतात काल दुपारीच दिलं. माझ्या हातात काहीच नाही.

सेक्रेटरी (ए-१०४): गेटच्या रजिस्टरमध्ये नोंद नाही. कालच्या वॉचमनलाही फोन करून विचारलं.

प्राजक्ता (सी-५०१): कळलं आत्ता. डोंबिवलीच्या मानपाड्याला गेलंय. खोक्यावर "मानपाडा, जि. ठाणे" एवढंच नीट दिसत होतं म्हणे, पिनकोड भिजून पुसला गेला. आईने खव्याचे पेढे पाठवलेत, दोन दिवस आणखी गेले तर संपलंच 😔

नितीन (बी-२०४): आपल्या घोडबंदर रोडच्या मानपाड्याचं आणि त्यांच्या मानपाड्याचं हे नेहमीचंच आहे. रिक्षावालेसुद्धा ॲपवर चुकतात.

अरुणकाका (बी-७०३): प्राजक्ता, त्यांना सांग की पिनकोडचे पहिले चार आकडे जरी वाचता आले तरी पुरे. आपला ४००६ ने सुरू होतो, डोंबिवलीचा ४२१२ ने. खोक्याचा फोटो मागव, मी बघतो.

प्राजक्ता (सी-५०१): मागवते काका. खरं तर मला या नावांच्या घोळाची सवय आहे. माझं गाव वाशी. धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. इथे ऑफिसात कुणी गाव विचारलं आणि मी वाशी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठलं सेक्टर?" सुरुवातीला समजावून सांगायचे. आता "मराठवाड्यातलं वाशी" असंच म्हणते.

नितीन (बी-२०४): बेलापूरचंही तेच. माझ्या साडूने रेल्वेचं तिकीट काढताना बेलापूर टाकलं, तर आलं ते श्रीरामपूरचं स्टेशन. दौंड–मनमाड मार्गावरचं. गाव श्रीरामपूर, स्टेशन बेलापूर. बुकिंग करण्याआधी लक्षात आलं म्हणून बरं.

कविता टीचर (ए-६०२): नेरूळ आणि नेरळ राहिलंच की. माथेरानला निघालेले पाहुणे आमच्याकडे नेरूळला उतरून फोन करत होते, तेव्हा आम्ही तिकडे राहायचो.

अरुणकाका (बी-७०३): विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो. ग्रुपवर हे कधी बोललो नव्हतो.

मी टपाल खात्यात सॉर्टिंगला होतो, बहुतेक रात्रपाळी. समोर भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर ठिकाणाचं नाव, आणि हातात पत्रांचा गठ्ठा. पत्ता वाचायचा आणि खणात टाकायचं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे मोठे विद्वान. एका नावाची अनेक गावं हे ती पद्धत आणण्यामागचं एक कारण होतं. पण मी नोकरीला लागलो तेव्हाही गावाकडच्या निम्म्या पत्रांवर पिनकोड नसायचा. मग आधार दोन अक्षरांचा, "ता." आणि "जि.". तीही नसली की कठीण.

वडगाव आलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. वडगाव मावळ, पेठ वडगाव, वडगाव निंबाळकर, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. पिंपळगावांचंही तसंच, बसवंत, हरेश्वर, जोगा. त्यातल्या त्यात ज्यांना असं शेपूट आहे ती सोपी. शिरगावाला बहुतेक ठिकाणी शेपूटच नाही.

एक निळं आंतरदेशीय पत्र माझ्या हातात आलं होतं. पत्ता "मु. पो. शिरगाव" एवढाच. तालुका नाही, जिल्हा नाही, मागे पाठवणाऱ्याचं नाव नाही. शाईच्या पेनाने, बाईमाणसाचं वाटावं असं गोल अक्षर. घडीच्या कडेला बाहेरच लिहिलेलं, "उत्तर लगेच पाठवा." मी ते अंदाजाने रत्नागिरीला टाकलं. काही दिवसांनी परत आलं. मग पालघर. परत. मग मावळ. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मागची बाजू शिक्क्यांनी भरली होती. नियमाप्रमाणे ते रिटर्न लेटर ऑफिसला गेलं. पत्र उघडायचा अधिकार फक्त त्यांना असतो, आम्हाला नाही. पुढे काय झालं ते आमच्यापर्यंत येत नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी ठरवलं, शिरगावं बघायची.

कविता टीचर (ए-६०२): काका, तुम्ही एकटे बॅग घेऊन निघता ते यासाठी? आम्हाला वाटायचं देवदर्शनाला जाता.

सेक्रेटरी (ए-१०४): किती झाली आत्तापर्यंत?

अरुणकाका (बी-७०३): पाच. घाई करत नाही. एसटीने किंवा रेल्वेने जायचं, गावात निदान एक जेवण करायचं, आणि तिथल्या पोस्टातून पन्नास पैशांचं कार्ड स्वतःच्या नावाने ठाण्याला टाकायचं. पोस्टमास्तरांना विनंती करतो की शिक्का जरा जपून मारा, नाव वाचता आलं पाहिजे. पाचही कार्डं माझ्याकडे आहेत.

पहिलं सगळ्यात जवळचं, बदलापूरचं. ते आता शहरातच मिसळलंय. इमारतींच्या मधून फिरताना जुनं गाव शोधावं लागतं.

दुसरं पालघरचं. सातपाटीच्या शेजारी, समुद्राला लागून. तिथे किल्ला आहे, १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांकडे आला. आत गेलात तर एक झाड नक्की बघा. ताडाचंच, पण वर जाऊन त्याला फांद्या फुटलेल्या, एकेका फांदीला झावळ्यांचा वेगळा झुपका. रावणताड म्हणतात. आपल्या नेहमीच्या ताडाला फांद्या नसतात, त्यामुळे मी बराच वेळ मान वर करून उभा होतो. तिथल्याच एका मुलाने मला बुंध्यापासून बोट वर नेत प्रत्येक फांदी कुठे फुटली ते दाखवलं.

मावळातलं सोमाटणे फाट्याजवळ. लोक त्याला प्रतिशिर्डी म्हणून ओळखतात, साईबाबांच्या मंदिरामुळे. रत्नागिरीचं शहराला चिकटूनच आहे. तिथे मत्स्य महाविद्यालय आहे आणि भाताचं संशोधन केंद्र. रत्नागिरी नावाच्या ज्या भाताच्या जाती कोकणात लावतात त्या त्या केंद्रातल्या. बांधावरून चाललो तर वाफ्यावाफ्याला पाटी, प्रत्येक वाफ्याचा हिरवा रंग किंचित वेगळा.

पाचवं गोव्याचं, डिचोली तालुक्यातलं. तिथली लईराई देवी. वैशाख शुद्ध पंचमीला जत्रा असते, व्रत केलेले धोंड हातात वेताची काठी घेऊन होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. देवीला मोगरा वाहतात. मी जत्रेत गेलो नव्हतो, गर्दी झेपत नाही आता. मुद्दाम साध्या दिवशी गेलो. देऊळ शांत होतं आणि तरीही मोगऱ्याचा वास होता. मुळगावची केळबाई तिची बहीण, असं तिथल्या एका बाईंनी सांगितलं आणि मुळगाव कुठल्या दिशेला ते हात करून दाखवलं.

प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतो. तुमच्या गावाला बाहेरची माणसं काय म्हणून ओळखतात? पालघरला उत्तर मिळालं किल्ल्याचं शिरगाव, मावळात प्रतिशिर्डीचं, रत्नागिरीत फिशरीज कॉलेजचं, गोव्यात लईराईचं. पत्रावर ही एवढी ओळ जरी असती तरी मला खण सापडला असता.

नितीन (बी-२०४): काका 🙏 हे सगळं नीट वहीत लिहून ठेवा.

कविता टीचर (ए-६०२): शेपटांवरून आठवलं. बुद्रुक म्हणजे फारसी बुजुर्ग, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. एका गावाचे दोन भाग झाले की मोठं बुद्रुक, लहान खुर्द. पण माझ्या सासरी उलटं झालंय. नेवासा खुर्द हे तालुक्याचं गाव, पैस खांबाचं देऊळ तिथेच, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. बुद्रुक प्रवरेच्या पलीकडे, आणि आता लहान. धाकटं मोठं झालं तरी नाव बदलत नाही.

आप्पा (सी-१०२): आळंदीसुद्धा दोन. एक देवाची, माऊलींची. दुसरी हवेली तालुक्यातली, म्हातोबाची. तिला जुनी माणसं चोराची आळंदी म्हणायची. आमच्या दिंडीतला एक जण पहिल्या वर्षी खरोखर त्या आळंदीला जाऊन थांबला होता. गावकऱ्यांनी जेवू घातलं आणि मग वाटेला लावलं.

प्राजक्ता (सी-५०१): मुरुड पण! आमच्याकडे मुरुड म्हटलं की लातूरचं, बाजारपेठेचं. इथे सगळे जंजिऱ्याचं समजतात. आणि दापोलीला तिसरं, महर्षी कर्वे यांचं.

प्राजक्ता (सी-५०१): काका, हा खोक्याचा फोटो. बघा बरं.

अरुणकाका (बी-७०३): पुसट आहे पण दिसतंय. चार, शून्य, शून्य, सहा. पुढचे दोन गेलेत, तरी ठाण्याचंच. त्यांना हाच फोटो पाठव आणि लिहून माग की आजच्या गाडीत टाकतो.

प्राजक्ता (सी-५०१): पाठवला. संध्याकाळी सहापर्यंत आणतो म्हणाले. आले की तुमच्याकडे पहिला डबा.

रोहन (ए-२०२): अरुणकाका, आजी शेजारी बसून सगळं वाचून घेतेय माझ्याकडून. ती सांगतेय ते तसंच लिहितो.

"अरुणा, माजा म्हायार शिरगावाचाच. देवगड तालुको. लगीन होवन मुंबयक इलंय. तू थंय गेलंस काय रे?"

अरुणकाका (बी-७०३): आजी! चौदा वर्षं आपण एका सोसायटीत राहतो आणि मला हे माहीत नाही. नाही गेलो अजून. देवगडचं आणि चिपळूणचं, ही दोन राहिलीत. चिपळूणचं कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे, ते पावसानंतर करणार होतो. आता आधी देवगड करतो.

रोहन (ए-२०२): आजी म्हणते, "घराच्या पाठीमागे चिऱ्याची बाव आसा. तिच्या काठार पायरीचो आंबो होतो. आसा काय ता बघ."

अरुणकाका (बी-७०३): बघतो. घर कुठल्या वाडीत ते विचारून लिही, रोहन. आणि माहेरचं आडनाव.

रोहन (ए-२०२): आडनाव मी तुम्हाला वेगळं पाठवतो. वाडीचं नाव आजीला आठवत नाहीये. "देवळाच्या सकल" म्हणते, म्हणजे खालच्या बाजूला.

अरुणकाका (बी-७०३): तेवढं पुरे. गावात देवळापाशी उभा राहून विचारतो.

सेक्रेटरी (ए-१०४): काका, कधी निघताय? पुढच्या आठवड्यात पाण्याच्या टाकीची सफाई आहे, तुमची सही लागेल.

अरुणकाका (बी-७०३): सही करूनच निघतो. शुक्रवारी रात्रीची गाडी बघतो.

रोहन (ए-२०२): काका, आजी अजून एक म्हणतेय. तुम्ही स्वतःला कार्ड टाकता तसं एक तिच्या नावानेही टाका. मी पत्ता लिहू का इथे?

अरुणकाका (बी-७०३): पत्ता मला पाठ आहे. ए-२०२, मानपाडा, ठाणे पश्चिम. पिनकोड ठळक लिहीन.