मदत हवी आहे: डिकीतील काढता-घालता येणारी मांडणी फार जड झाली आहे

गुहागरचा प्रवासी: समुद्रकाठच्या तंबूच्या मुक्कामांसाठी डिकीत सामान दोन मजली लावता यावे, म्हणून मी सुताराकडून १८ मिमी प्लायची मांडणी करून घेतली; परंतु ती एकट्याने उचलवत नाही, वाटेत खडखडते आणि एका पावसाळ्यातच तिचे स्क्रू गंजून प्लायवर तांबडे ओघळ आले आहेत. शुक्रवारी निघायचे आहे, तेव्हा हीच हलकी करावी की नवी करावी, एवढेच कृपया सांगावे.

चिपळूणकर: गाडी कोणती, मागची आसने पाडता की उभी ठेवता, आणि मांडणी कशाला बांधली आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

गुहागरचा प्रवासी: गाडी क्रेटा आहे. मागे मुले बसतात, त्यामुळे आसने उभीच असतात, हे उघड आहे. मापे सुताराने घेतली होती.

जुना रंधा: आठ बाय चार फुटांचा १८ मिमी प्लाय तिशीपलीकडे किलो भरतो, त्यामुळे आपली तक्रार स्वाभाविक आहे. मधोमध एक उभा आधार दिल्यास १२ मिमी पुरतो. मात्र प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, घ्यावा आणि कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्यावेत, कारण पाणी पृष्ठभागापेक्षा कडांतून अधिक शिरते. स्क्रू ३१६ या प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे असावेत. त्यांतील मॉलिब्डेनम या धातूमुळे ते खाऱ्या हवेत ३०४ या प्रतीपेक्षा अधिक टिकतात.

धातुप्रेमी: लाकडाचा हट्ट कशासाठी? ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा करा, प्रश्न कायमचा मिटेल.

जुना रंधा: मिटणार नाही. खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेस बोल्टला टेकलेले ॲल्युमिनियमच आधी खाल्ले जाते, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर लागतात. शिवाय शुक्रवारपर्यंत तो सांगाडा कोण जोडून देणार?

सातारचा पाहुणा: त्यापेक्षा टपावर कॅरिअर बसवावे. अर्थात मोटार वाहन कायद्याचे, गाडीत बदल करण्याविषयीचे कलम ५२ आधी वाचावे.

चिपळूणकर: कॅरिअरविषयी येथे कोणी विचारलेले नाही, आणि हाताने उचलून बाहेर काढता येणारी मांडणी हा माझ्या मते गाडीतील बदल नसून सामानच आहे. माझा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे: ती बांधली कशाला आहे?

गुहागरचा प्रवासी: बांधलेली नाही. जड असल्यामुळे जागची हलत नाही.

चिपळूणकर: खडखडते म्हणजे ती हलतेच आहे. घाटाच्या वळणावर एकाएकी ब्रेक दाबावा लागला, तर हेच वजन मुलांच्या पाठीवर येईल. डिकीच्या तळाशी सामान बांधण्यासाठी हुक असतील, तर त्यांना रॅचेटचे (दांडा हलवून ताणता येणारे) पट्टे लावून ती खाली घट्ट आवळावी, तळाखाली रबराची चटई घालावी आणि पत्र्याला भोक मुळीच पाडू नये, कारण गंजाची सुरुवात तेथूनच होते. दुसरे असे की आपल्या गाडीची स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते. अंधारात चाक पंक्चर झाले, तर ही मांडणी आपण एकटे कशी उतरवणार? म्हणून उजवी व डावी अशा दोन सुट्या पेट्या कराव्यात आणि त्या मधोमध विंग नटने (हाताने पिळता येणाऱ्या पंखांच्या नटने) जोडाव्यात.

गुहागरचा प्रवासी: स्टेपनीचा विचार ना सुताराने केला होता, ना मी. दोन पेट्याच करतो. ३१६ चे स्क्रू येथे हार्डवेअरच्या दुकानात मिळाले नाहीत.

जुना रंधा: मच्छीमार बोटींचे सामान विकणाऱ्या दुकानात विचारावे, आणि जाताना सोबत चुंबक नेऊ नये, ३०४ आणि ३१६ यांतला फरक त्याने कळत नाही. पाकिटावरचा आकडा वाचावा.